किर्कवॉलच्या नावात भिंत नाही

संपादक महोदय,

सादर नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी आणि शेटलंड या बेटांविषयीचा प्रवासलेख प्रसिद्ध झाला आहे. या बेटांबद्दल मराठीत फारसे लिहिले जात नाही, म्हणून तो मी आवडीने आणि लक्षपूर्वक वाचला. तेथील वारा, झाडे नसलेल्या टेकड्या, समुद्रपक्ष्यांच्या वसाहती यांचे वर्णन चांगले उतरले आहे. लेखाच्या उत्तरार्धात मात्र गावांच्या व बेटांच्या नावांचे जे अर्थ दिले आहेत, ते बहुतेक आजच्या इंग्रजीवरून लावलेले आहेत. आणि ही नावे मूळची नॉर्स, म्हणजे नॉर्वेतून येऊन येथे वसलेल्या लोकांच्या जुन्या भाषेतली, असल्याची जाणीव जेथे दिसते, तेथे ‘समुद्री चाच्यांनी ठेवलेली नावे’ एवढ्याच शब्दांत विषय आटोपला आहे. या दोन्ही गोष्टी वस्तुस्थितीला धरून नाहीत, आणि दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षाही अधिक दिशाभूल करणारी वाटते, म्हणून हे पत्र.

किर्कवॉल हे ऑर्कनीचे मुख्य शहर. लेखक म्हणतो की ‘किर्क’ म्हणजे चर्च, ‘वॉल’ म्हणजे भिंत, आणि ते चर्च म्हणजे गावाच्या मध्यभागी उभे असलेले तांबड्या व पिवळ्या दगडांचे सेंट मॅग्नस कॅथीड्रल. यातील पहिले विधान तेवढे बरोबर आहे. गावाचे जुने नाव ‘किर्क्युवागर’ असे होते. प्राचीन नॉर्स भाषेत ‘वागर’ म्हणजे जमिनीत आत शिरलेली खाडी, तेव्हा नावाचा अर्थ ‘चर्चची खाडी’ असा होतो. कॅथीड्रलचे बांधकाम ११३७ मध्ये सुरू झाले आणि गावाचे नाव त्याच्या आधीचे आहे. ज्या चर्चवरून ते पडले ते नॉर्वेचा राजा व संत ओलाफ याच्या नावाचे, कितीतरी लहान असे जुने चर्च होते. पुढे बेटांवर स्कॉट लोकांचा अंमल आला, तोपर्यंत बोलण्यात ‘वागर’चा ‘वा’ एवढाच उरला होता. स्कॉट्स बोलीत भिंतीलाही ‘वा’च म्हणतात, कारण त्या बोलीत शेवटचा ‘ल’ गळतो. नाव कागदावर उतरवणाऱ्याने ‘किर्कवा’ ऐकले, हा बोलीतला अपभ्रंश असावा अशी समजूत करून घेतली, आणि ते सुधारून ‘किर्कवॉल’ लिहिले. जे नाव बिघडलेलेच नव्हते ते दुरुस्त करण्याच्या नादात खाडीची भिंत झाली.

आम्हां ग्वाल्हेरकरांना हा प्रकार अनोळखी वाटू नये. ग्वाल्हेरच्या ‘लष्कर’ नावाच्या भागातील ज्या चौकाला सारे शहर ‘महाराज बाडा’ म्हणते, त्याच्या नावातला बाडा हा मराठी वाडा आहे. मराठीतला ‘व’ हिंदी बोलणाऱ्याच्या तोंडी ‘ब’ झाला, आणि ‘बाडा’ हा शब्द हिंदीत आधीपासूनच असल्यामुळे तो तेथे बिनतक्रार बसला. हिंदीत बाडा म्हणजे कुंपण घालून गुरे कोंडण्याची जागा. उद्या एखाद्या परदेशी प्रवाशाने नुसता शब्दकोश पाहून ‘येथे पूर्वी महाराजांची गुरे बांधत असत’ असे लिहिले तर आपण त्याला हसू. (इंदूरच्या राजवाड्यातला वाडा शाबूत राहिला, हे इंदूरकरांचे भाग्य. आमच्याकडे फाळक्यांचा बाजारही ‘फालका बाजार’ झाला आहे.) किर्कवॉलच्या भिंतीची गोष्ट याहून वेगळी नाही. नाव ज्या भाषेत जन्मले ती भाषा त्या जागी बोलली जाईनाशी झाली की ते दुसऱ्या भाषेतील जवळच्या शब्दाचा आधार घेते, आणि मग पुढच्या पिढ्या त्या आधाराच्या शब्दालाच मूळ समजू लागतात.

लेखात ‘फेअर आइल’चे भाषांतर ‘सुंदर बेट’ असे केले आहे, तेही याच कारणाने टिकत नाही. सुमारे १२०० साली आइसलंडमध्ये लिहिल्या गेलेल्या ऑर्कनीच्या जार्लांच्या (सरदारांच्या) सागेत, म्हणजे गद्य इतिहासकथेत, या बेटाचे नाव ‘फ्रिदारेय’ असे येते. त्याचा शब्दशः अर्थ शांततेचे बेट असा होईल. काही अभ्यासक मात्र मूळ नाव मेंढीच्या नॉर्स शब्दावरून आले असावे असे मानतात. अर्थाबद्दल मतभेद असले तरी इंग्रजी ‘फेअर’शी त्याचा संबंध नाही, यावर मतभेद नाहीत. शेटलंडमध्ये ‘मेव्हिस ग्रिंड’ नावाची जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे, तिच्या एका बाजूला अटलांटिक महासागर आणि दुसऱ्या बाजूला उत्तर समुद्र. इंग्रजी कोश उघडला तर ‘मेव्हिस’ हा एक गाणारा पक्षी निघतो आणि ‘ग्राइंड’ म्हणजे दळणे; दोन्ही जोडून काय अर्थ निघेल तो ज्याचा त्याने काढावा. नॉर्समध्ये ‘ग्रिंड’ म्हणजे फाटक, आणि नावाच्या पहिल्या भागात दोन पाण्यांमधील अरुंद जमिनीला असलेला ‘एइध’ हा शब्द दडलेला आहे: अरुंद संयोगभूमीचे फाटक. शेटलंडच्या बोलीत फाटकाला आजही ‘ग्रिंड’ म्हणतात, म्हणजे अर्थ शोधायला फार लांबही जावे लागत नाही.

खुद्द शेटलंडच्या नावाची कथा मोडी वाचणाऱ्यांना विशेष आवडेल. नॉर्स नाव ‘ह्याल्टलंड’. त्यातील पहिल्या जोडाक्षराचा एका परंपरेत ‘श’ झाला, तर दुसरीत ‘य’. स्कॉट लेखनिक या ‘य’सारख्या उच्चारासाठी ‘योख’ नावाचे एक जुने अक्षर वापरीत, आणि ते हस्ताक्षरात इंग्रजी वर्णमालेतील शेवटच्या अक्षरासारखे, म्हणजे झेडसारखे दिसे. छपाई आली तेव्हा योखचे खिळे छापखान्यांत नव्हते, म्हणून त्याच्या जागी झेड बसवला गेला, आणि ‘येटलंड’चे ‘झेटलंड’ झाले. हा चुकीचा उच्चार पुढे इतका प्रतिष्ठित झाला की १९७५ पर्यंत तेथील कौंटीचे अधिकृत नाव झेटलंड हेच होते, आणि टपाल खात्याचे संकेतांक आजही झेड आणि ई या अक्षरांनी सुरू होतात. सारखी दिसणारी दोन अक्षरे एकमेकांच्या जागी वाचली जाण्याचा अनुभव जुने दप्तर चाळणाऱ्या प्रत्येकाला असतो. येथे त्यातून एका मुलखाचे सरकारी नाव तयार झाले.

आणखी एक उदाहरण देतो, कारण त्यातून केवळ आजच्या रूपावर विसंबण्यातला धोका सर्वांत स्पष्ट दिसतो. ऑर्कनीत ‘साउथ रोनाल्डसे’ आणि ‘नॉर्थ रोनाल्डसे’ अशी दोन बेटे आहेत. लेखकाने सहजपणे दोन्ही रोनाल्ड नावाच्या एकाच माणसाची ठरवली आहेत. दक्षिणेकडील बेटाचे जुने नाव ‘रोग्नवाल्डसेय’, म्हणजे रोग्नवाल्डचे बेट, हे खरेच आहे. उत्तरेकडील बेटाला मात्र सागेत ‘रिनान्सेय’ म्हटले आहे, आणि त्याचा रोग्नवाल्डशी काही संबंध नाही; काहींच्या मते त्यात संत निनियन याचे नाव आहे, ज्याला स्कॉट्समध्ये ‘रिंगन’ म्हणत. दोन निराळी नावे बोलण्यात झिजत झिजत एकमेकांसारखी झाली आणि मग नकाशावर त्यांना उत्तर-दक्षिण अशी जोडी लावावी लागली. जुना कागद उपलब्ध नसता तर हे दोन नावांचे मिश्रण आहे अशी शंकाही कोणाला आली नसती.

म्हणूनच या विषयाची पद्धत ठरून गेली आहे. नावाचे सर्वांत जुने लिखित रूप शोधायचे, तेथील वृद्ध माणूस ते कसे उच्चारतो हे ऐकायचे, आणि नंतर प्रत्यक्ष जागा पाहायची. ऑर्कनीच्या बाबतीत सागेखेरीज १४९२ आणि १५०० सालांची जमीनसाऱ्याची दप्तरे उपलब्ध आहेत, आणि त्यांत शेतवाड्यांची नावे एकामागून एक नोंदलेली आहेत. ब्रिटिश सर्वेक्षण खात्याने तेथे सविस्तर नकाशे तयार केले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, तोवर ही नावे चार शतके दुसऱ्या भाषेच्या तोंडातून गेलेली होती. जागा पाहण्याचे महत्त्वही कमी नाही. ‘हॉय’ म्हणजे उंच बेट, आणि ऑर्कनीतील सर्वांत उंच टेकडी खरोखर याच बेटावर आहे. ‘सॅंडे’ म्हणजे वाळूचे बेट, आणि ते बेट सखल व वालुकामय आहे. शेटलंडचे मुख्य शहर ‘लर्विक’ म्हणजे चिखलाची खाडी. नॉर्स माणसे नावे ठेवताना कल्पनाविलासात रमत नसत. समोर जे दिसते तेच नाव, असा त्यांचा बाणा होता, आणि अभ्यासकाला तो फार सोयीचा पडतो.

या बेटांची भाषा बदलली कशी, हे लेखात आलेले नाही, आणि त्यावाचून नावांचा घोळ समजत नाही. साधारण आठव्या शतकाच्या अखेरीपासून नॉर्वेतून माणसे येऊन येथे वसू लागली, आणि पुढची काही शतके बेटे नॉर्वेच्या राजाला मानणाऱ्या जार्लांकडे होती. डेन्मार्क व नॉर्वेचा राजा पहिला ख्रिश्चन याने आपली मुलगी मार्गारेट स्कॉटलंडच्या तिसऱ्या जेम्सला दिली, तेव्हा हुंड्याची रक्कम ६०,००० फ्लोरिन ठरली. त्यातील १०,००० रोख द्यायचे होते आणि उरलेल्या ५०,००० साठी त्याने १४६८ मध्ये ऑर्कनी गहाण ठेवले. रोखीचेही २,००० च जमले, म्हणून १४६९ मध्ये बाकीच्या ८,००० साठी शेटलंडही गहाण पडले. गहाण कधी सुटले नाही. १४७२ मध्ये स्कॉटलंडने बेटे आपल्या राज्याला जोडून टाकली. मुलीच्या हुंड्यापायी मुलूख गेल्याची ही हकीकत वाचून आपल्याकडील वाचकाला राजघराण्याविषयी सहानुभूती वाटेल की राग येईल, हे मी सांगत नाही. त्यानंतर सरकारदरबारी आणि चर्चमध्ये स्कॉट्स भाषा आली, आणि बेटांवरील नॉर्स बोली, जिला ‘नॉर्न’ म्हणत, हळूहळू घराच्या चुलीपुरती उरून अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत नाहीशी झाली.

ती जाता जाता दोन माणसांनी तिचे जे काही टिपून ठेवले त्याचा उल्लेख करणे न्यायाचे होईल. जॉर्ज लो नावाचा पाद्री १७७४ मध्ये शेटलंडच्या पश्चिमेकडील फूला या एकाकी बेटावर गेला आणि तेथील एका वृद्ध शेतकऱ्याकडून नॉर्नमधील एक लांबलचक पोवाड्यासारखे गीत त्याने लिहून घेतले. लो याला स्वतःला ती भाषा येत नव्हती. त्याने केवळ कानाला ऐकू आले तसे लिहिले, आणि तरीही पुढच्या अभ्यासकांना त्यातून बरेच काही उलगडता आले. दुसरे याकोब याकोबसेन. ते फॅरो बेटांचे, म्हणजे त्यांची मातृभाषाच नॉर्नची सख्खी बहीण. १८९३ ते १८९५ या काळात ते शेटलंडमध्ये राहिले, वाड्यावाड्यांतून फिरले, आणि मरून गेलेल्या नॉर्नचे सुमारे दहा हजार शब्द त्यांनी लोकांच्या रोजच्या बोलण्यातून वेचून काढले. स्थलनामांवरचे त्यांचे पुस्तक १९०१ मध्ये डॅनिशमध्ये आले. ऑर्कनीत हेच काम तेथलेच सुपुत्र ह्यू मारविक यांनी केले. शेतवाड्यांच्या नावांवरील त्यांचा ग्रंथ १९५२ चा आहे. बाहेरून आलेल्याला जी नावे निरर्थक वाटतात ती फॅरोच्या माणसाला ऐकताक्षणी कळावीत, यात नवल नाही, परंतु याकोबसेन यांच्याइतक्या चिकाटीने ती गोळा करणारा त्यांच्याआधी कोणी झाला नव्हता.

आता ‘समुद्री चाच्यांच्या नावां’विषयी. या बेटांवरील नावे कशाची आहेत हे पाहिले की त्या शब्दप्रयोगाचा फोलपणा दिसतो. नावांच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारे शब्द घ्या. ‘बिस्टर’ हे ‘बोलस्टाधर’चे झिजलेले रूप, अर्थ शेतवाडी. ‘गार्थ’ म्हणजे कुंपणाची जमीन, ‘क्वॉय’ म्हणजे गुरांचे आवार, ‘स्केल’ म्हणजे मोठे घर किंवा दिवाणखाना, ‘ब्रेक’ म्हणजे उतार, ‘सेटर’ म्हणजे राहण्याचे ठिकाण किंवा उन्हाळ्यात गुरे चरायला नेण्याचे कुरण. किनाऱ्यावर ‘विक’ आणि ‘व्हो’ या खाड्या, ‘नेस’ हे भूशिर, ‘गिओ’ ही कड्यातली फट, ‘स्केरी’ हा भरतीला बुडणारा खडक. लुटीसाठी उतरून दुसऱ्या वाऱ्याला निघून जाणारा माणूस गुरांच्या आवाराला नाव ठेवीत नाही. ही नावे गुराढोरांसह, बायकामुलांसह येऊन राहिलेल्या शेतकऱ्यांची आहेत. मारविक यांनी या शेतवाड्यांची नावे जुन्या साऱ्याच्या नोंदींशी ताडून पाहिली, आणि ‘क्वॉय’ नावाच्या पुष्कळ वाड्यांवर ‘स्कॅट’ हा जुना सारा बसत नसल्याचे त्यांच्या ध्यानात आले. त्यावरून सारा ठरल्यानंतर, पडीक जमीन नव्याने फोडून त्या वसल्या असाव्यात असा तर्क त्यांनी मांडला. नावांच्या शेवटांवरून वसाहतीचा संपूर्ण क्रम लावण्याची त्यांची पद्धत नंतरच्या अभ्यासकांना जशीच्या तशी मान्य नाही, पण जमिनीचा सारा आणि नाव यांना एकत्र वाचावे ही त्यांची शिकवण टिकली आहे.

ग्वाल्हेरशी तुलना केली तर फरक लगेच डोळ्यांत भरतो. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला, त्या तळाचे शहर झाले आणि त्याचे नाव आजही ‘लष्कर’ आहे. त्यात ‘शिंदे की छावणी’ आहे, पलटणींच्या तळाचे ‘कंपू’ आहे, तोफखान्याची ‘जिनसी’ आहे, दरबारी खात्याचा ‘खासगी बाजार’ आहे, आणि ‘चिटणीस की गोठ’ आहे. ही गोठ म्हणजे मराठीतला गोट, सरदाराच्या माणसांचा तळ, असावा असे मला वाटते. फौज येऊन राहिली की नावे अशी होतात. शेताला, ओढ्याला, टेकडीला, गुरांच्या गोठ्याला येथे मराठी नाव मिळाले नाही, कारण ती जमीन कसणारे हात आधीपासून येथलेच होते. ऑर्कनीत नेमके उलट घडले, आणि केवळ नकाशा वाचून हा फरक सांगता येतो.

ऑर्कनी-शेटलंडच्या या नकाशात लढायांची नावे नाहीत, सभेची मात्र आहेत. शेटलंडमधील ‘टिंगवॉल’ म्हणजे ‘थिंगवोल्लर’, सभेचे मैदान. तेथील तळ्यातल्या एका लहानशा भूभागावर शेटलंडची कायदेसभा भरत असे. आइसलंडचे थिंगवेल्लिर, मॅन बेटावरचे टिनवाल्ड आणि स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरील डिंगवॉल ही सर्व त्याच शब्दाची रूपे आहेत. येथेही ‘वॉल’ दिसते आणि येथेही भिंत नाही, मात्र ही खाडीही नाही, मैदान आहे. म्हणजे एका चुकीचा धडा गिरवून दुसरीकडे तोच अर्थ लावण्याचीही सोय राहिलेली नाही.

लेखाच्या शेवटी दिलेल्या चौकटीत पुढचा भाग हेब्रिडीज बेटांवर असल्याचे म्हटले आहे, म्हणून त्याविषयी थोडे. स्कॉटलंडच्या पश्चिमेची ही बेटे नॉर्वेने १२६६ च्या पर्थच्या तहाने ४,००० मार्क आणि शिवाय दरसाल १०० मार्क अशा बोलीवर सोडून दिली, म्हणजे ऑर्कनीच्या दोनशे वर्षे आधी. तेथे नॉर्सच्या जागी गेलिक ही स्कॉटलंडची केल्टिक भाषा आली. त्यामुळे तेथील नावे नॉर्स असूनही गेलिकच्या पोशाखात उभी आहेत. ऑर्कनीत ज्याचा ‘बिस्टर’ झाला तोच ‘बोलस्टाधर’ हेब्रिडीजमधील लुइस बेटावर ‘बोस्ट’ होतो, जसे शॉबोस्ट किंवा ल्यूरबोस्ट. आणि स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला केथनेसमध्ये तो ‘ब्स्टर’ होतो, जसे लिब्स्टर. किर्कवॉलमध्ये ज्याची भिंत झाली तो ‘वागर’ शेटलंडमध्ये ‘व्हो’ म्हणून ओळखू येतो, तर लुइसच्या स्टॉर्नोवेत तो ‘वे’ होऊन बसला आहे, आणि त्याचा इंग्रजी रस्त्याशी काही संबंध नाही. नॉर्वेजियन भाषाशास्त्रज्ञ माग्ने ओफ्तेदाल यांनी १९५४ मध्ये लुइसमधील गावांच्या नावांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सुमारे चार-पंचमांश नावे मूळची नॉर्स निघाली. त्या बेटावर आज गेलिक बोलतात, एवढ्यावरून नावे गेलिक ठरवणे म्हणजे पुन्हा त्याच खड्ड्यात पडणे होईल.

या बेटांना नॉर्स लोक ‘सुध्रेयार’, म्हणजे दक्षिणेची बेटे म्हणत. ब्रिटनच्या नकाशावर ती वायव्येला आहेत. परंतु नाव ठेवणारा ऑर्कनीत उभा होता. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्या उत्तरेकडील एका परगण्याचे नाव ‘सदरलंड’, म्हणजे दक्षिणेचा प्रदेश, हेही त्याचमुळे. ‘सुध्रेयार’चा लॅटिनमधून ‘सोडोर’ झाला आणि मॅन बेटाच्या बिशपच्या पदवीत तो आजतागायत टिकून आहे. दिशादर्शक नावात दिशेपेक्षा ठेवणाऱ्याचे ठिकाण अधिक कळते. उत्तर हिंदुस्थानात आपल्या लोकांना ‘दक्षिणी’ म्हणत आले आहेत, तेव्हा याचे अधिक स्पष्टीकरण करण्याची गरज नाही.

सर्वांत अवघड प्रश्न राहिला तो नॉर्सपूर्व नावांचा, आणि लेखात त्याची चाहूलही नाही. लेखक ‘ऑर्कनी’चा अर्थ ‘सीलची बेटे’ असा देतो. नॉर्समध्ये ‘ओर्कन’ म्हणजे एक प्रकारचा सील आणि ‘एयार’ म्हणजे बेटे, हे बरोबर आहे. परंतु हे नाव नॉर्स माणसे येण्याच्या हजार वर्षे आधीपासून प्रचारात होते. ग्रीक दर्यावर्दी पिथियस इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात या बाजूला आला, आणि त्याच्या वृत्तांतावर आधारलेल्या लेखनात ‘ओर्कास’ या भूशिराचा उल्लेख आहे. पहिल्या शतकातील रोमन लेखक ‘ओर्काडेस’ लिहितात. केल्टिक भाषांत ‘ओर्क’ म्हणजे डुकराचे पिल्लू किंवा रानडुक्कर, आणि ते तेथील एखाद्या टोळीचे नाव असावे असे मानतात. नॉर्स लोकांनी ते ऐकले आणि आपल्या परिचयाच्या प्राण्यावर नेऊन बसवले. ग्वालियरचे ‘ग्वाल्हेर’ करताना मराठी जिभेने तेच केले असावे: साल्हेर-मुल्हेरच्या ओळीत बसेल असे रूप तिला आपलेसे वाटले.

हे एक नाव, शेटलंडमधील अन्स्ट, येल, फेटलर यांसारखी अर्थ न लागणारी काही, आणि ‘पापा’ने सुरू होणारी काही नावे एवढेच जुन्या रहिवाशांचे अवशेष उरले आहेत. ‘पापा’ची नावेही नॉर्सच आहेत, पण ती आधी राहणाऱ्या ख्रिस्ती धर्मोपदेशकांविषयी आहेत, ‘पापा स्टाउर’ म्हणजे उपदेशकांचे मोठे बेट. ऑर्कनी आणि स्कॉटलंड यांमधील खवळलेल्या सामुद्रधुनीचे ‘पेंटलंड’ हे नावही ‘पेत्तलंड’, म्हणजे नॉर्स येण्याआधी येथे राहणाऱ्या पिक्ट लोकांचा प्रदेश, यावरून आले आहे. बाकी शेत, ओढा, कडा, खडक, सारे नॉर्स. एवढा सफाया कसा झाला यावर अभ्यासकांत कडाक्याचा वाद आहे. पिक्ट लोकांना मारून किंवा हाकलून दिल्याशिवाय त्यांची नावे इतकी निःशेष पुसली जाणार नाहीत, असे एका पक्षाचे म्हणणे. दुसरा पक्ष ऑर्कनीतील बर्सेजवळच्या बक्क्वॉय येथील उत्खननाकडे बोट दाखवतो, जेथे नॉर्स काळातील घरांत पिक्ट घडणीच्या वस्तू सापडल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या जनुकीय पाहणीने या वादात एक महत्त्वाची भर घातली: ऑर्कनीतील लोकांमध्ये नॉर्वेतून आलेल्या वंशाचा वाटा सुमारे एक-चतुर्थांश निघाला. म्हणजे नावे जवळपास शंभर टक्के नॉर्स, आणि रक्त चार आण्यांचे. मला स्वतःला यावरून असे वाटते की जुनी माणसे सगळी मेली नाहीत, त्यांची भाषा मेली. जमीन कोणाच्या नावावर आणि सारा कोणत्या भाषेत लिहिला जातो, यावर शेतांची नावे ठरली, आणि जे उरले ते नव्या मालकांच्या भाषेत बोलू लागले. हे शांततेने झाले असा दावा मी करणार नाही. परंतु स्थलनामांवरून थेट वंशावर उडी मारता येत नाही, एवढे या आकड्यांनी दाखवून दिले आहे, आणि ‘ऑर्कनीचे लोक म्हणजे व्हायकिंगांचे शुद्ध वंशज’ हे लेखातील वाक्य त्यामुळे मागे घेण्याजोगे ठरते.

आपल्याकडे माझी विनंती एवढीच आहे की किर्कवॉल, फेअर आइल आणि नॉर्थ रोनाल्डसे या तीन नावांची दुरुस्ती पुढील पुरवणीत छापावी, आणि वंशाविषयीच्या वाक्याखाली खुलासा द्यावा. हेब्रिडीजवरील भाग छापण्यापूर्वी लेखकाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लुइस बेटावर रस्त्यांच्या पाट्यांवर गेलिक नाव असते आणि छायाचित्रांत तेच ठळक दिसते. ते गेलिक लिपिपद्धतीने लिहिलेले नॉर्स नाव असण्याचा संभव बराच आहे, तेव्हा गेलिक कोशातून अर्थ लावण्याआधी ओफ्तेदाल यांच्या यादीत ते पाहून घ्यावे.

आपला,
एक वाचक
जनकगंज, लष्कर, ग्वाल्हेर